९० मधून ५३: एनएफएलच्या प्रीसीझनबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

जुलै संपत आला की माझ्या फोनवर एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, प्रीसीझनबद्दल (हंगामाआधीच्या सराव सामन्यांबद्दल) ठरावीक प्रश्नांची रांग लागते. काही पुण्याहून येतात, रात्र जागून सामने बघणाऱ्या भाच्याकडून आणि त्याच्या टोळक्याकडून. काही इथल्याच आईबापांचे असतात, ज्यांची मुलं हायस्कूलच्या संघात खेळायला लागलीत. मी विस्कॉन्सिनमध्ये, ग्रीन बे संघाच्या राज्यात राहते, म्हणजे या खेळाच्या बाबतीत पंढरपुरात घर असल्यासारखंच. दरवर्षी तेच ते टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. पैशांचे आकडे २०२५ च्या हंगामाचे आहेत, ते वर्षागणिक थोडे चढतात.

१. प्रीसीझनच्या सामन्यांचे निकाल कुठे धरतात का?

कुठेच नाही. एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत आणि खरा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. त्याआधी ऑगस्टमध्ये प्रत्येक संघ तीन सराव सामने खेळतो. २०२१ पूर्वी ते चार असायचे. हंगाम १७ सामन्यांचा झाला आणि एक सराव सामना कमी झाला. मोठ्या खेळाडूंनी हुश्श केलं. नुकत्याच कॉलेजातून आलेल्या पोरांची मात्र स्वतःला दाखवायची एक संध्याकाळ गेली. ओहायोतल्या कॅन्टनला हॉल ऑफ फेमचा (खेळातल्या दिग्गजांच्या सन्मानदालनाचा) सामना होतो, तो खेळणाऱ्या दोन संघांना मात्र एक जादा सामना मिळतो.

२. ५३ जणांची यादी म्हणतात ती काय भानगड आहे?

उन्हाळी शिबिरात प्रत्येक संघ ९० जणांना घेऊन उतरतो. हंगामासाठी त्यातले ५३ ठेवता येतात. पूर्वी ही छाटणी टप्प्याटप्प्याने व्हायची, २०२३ पासून एकाच फटक्यात होते. सहसा ऑगस्टचा शेवटचा मंगळवार, पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी चार. भारतात तेव्हा बुधवारचा रात्रीचा दीड वाजलेला असतो. २०२५ मध्ये तो मंगळवार २६ ऑगस्टला आला.

हिशेब करून बघा: प्रत्येक संघातून ३७, संघ ३२, म्हणजे ११८४ जण. दुखापतींच्या याद्या आणि सवलती धरून आकडा थोडा हलतो, पण हजाराच्या वर माणसं एकाच दिवसात बेकार होतात. बहुतेकांचं वय बावीस ते पंचवीस.

३. ड्राफ्टमध्ये निवड झाली म्हणजे जागा पक्की ना?

ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडणं. त्यात पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतली निवड असेल तर जवळपास पक्की. एसटीत रुमाल टाकून धरलेल्या सीटसारखी. संघाने त्या मुलावर मोठा साइनिंग बोनस (करारावर सही करतानाची रक्कम) खर्च केलेला असतो. त्याला काढलं तरी ती रक्कम संघाच्या पगारमर्यादेत मोजली जाते, म्हणून पहिल्या वर्षी सहसा कुणी हात लावत नाही.

ड्राफ्टच्या सात फेऱ्या असतात. २०२५ मध्ये २५७ जण निवडले गेले. सहाव्या-सातव्या फेरीतल्या मुलाचा रुमाल अगदी पातळ असतो, वाऱ्याने उडेल इतका. तरी अपवाद होतात. आयोवा स्टेटचा ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा. सॅन फ्रान्सिस्कोने त्याला तिसरा क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) म्हणून ५३ मध्ये ठेवलं. पुढचे दोघे त्याच हंगामात जायबंदी झाले आणि डिसेंबरात संघाची सूत्रं त्याच्या हातात आली.

४. ड्राफ्टमध्ये नावच आलं नाही तर शिबिरात पोचतात कसे?

फोनवर. सातवी फेरी संपता संपता एजंटांचे फोन वाजायला लागतात आणि तास-दोन तासांत शेकडो मुलं करारबद्ध होतात. ड्राफ्ट झालेल्याचा करार चार वर्षांचा असतो, यांचा तीन वर्षांचा आणि बोनस किरकोळ. पण एक गोष्ट यांच्या हातात असते, संघ निवडणं. सातव्या फेरीत निवडला गेलेला मुलगा नेतील तिथे जातो. न निवडलेला मुलगा कुणाकडे आपल्या जागेवर माणसं कमी आहेत ते बघून होकार देतो. माझ्या मते हुशार एजंटाची खरी परीक्षा याच दोन तासांत होते.

याच्याही खालची पायरी म्हणजे ट्रायआउट. करारच नाही, नुसतं मे महिन्यातल्या तीन दिवसांच्या शिबिराला या, आवडलात तर बघू. ॲडम थीलन मिनेसोटात २०१३ मध्ये असाच आला, माल्कम बटलर न्यू इंग्लंडमध्ये २०१४ मध्ये. बटलर वेस्ट अलाबामा नावाच्या छोट्या विद्यापीठाचा, मधल्या काळात चिकनच्या हॉटेलात काम केलेला. त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, गोललाइनवर त्याने समोरच्या संघाचा पास झेलला आणि सामन्याचा निकाल तिथेच लागला.

५. आमच्या विद्यापीठाचा हिरो होता. इथे त्याला चौथ्या क्वार्टरमध्येच का उतरवतात?

कारण शिबिरातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाचा हिरो होता. संघाची उतरंड ठरलेली असते: पहिली फळी, दुसरी, तिसरी. पहिल्या फळीला दुखापतीच्या भीतीने सराव सामन्यात दहा-पंधरा मिनिटं खेळवतात, कधी तेवढंही नाही. हल्ली दोन संघ आठवड्याच्या मध्ये एकत्र सराव करतात आणि पहिल्या फळीची पारख तिथेच उरकून घेतात. त्यामुळे सामन्याचा उत्तरार्ध उरतो तो तिसऱ्या फळीला. स्टेडियम अर्धं रिकामं झालेलं असतं, लोक पार्किंगमधून गाड्या काढत असतात आणि मैदानावर बावीस जणांची नोकरी पणाला लागलेली असते.

६. जागा मिळवायला नक्की काय करून दाखवावं लागतं? टचडाउन, म्हणजे बॉल समोरच्याच्या रेषेपार नेणं?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

५३ जागा ऐकायला भरपूर वाटतात. पण क्वार्टरबॅक दोन-तीन, आक्रमणाच्या लाइनमधले नऊ-दहा धष्टपुष्ट गडी, किक मारणारा, पंट मारणारा आणि त्यांच्यासाठी चेंडू मागे फेकणारा असे तिघे, शिवाय आधीच करारात बांधलेले अनुभवी लोक. हे सगळे धरले की खऱ्या अर्थाने मोकळ्या जागा पाच-सहाच उरतात. सहावा रिसीव्हर (पास झेलणारा), पाचवा लाइनबॅकर (बचावातला), चौथा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) अशा त्या जागा. या माणसाला रविवारी बॉल मिळणारच नसतो, मग प्रशिक्षक त्याला कशावर तोलणार? तो किकऑफला (लाथ मारून खेळ सुरू करताना) पळत जाऊन समोरच्याला आडवा करतो का, पंटच्या (लाथेने बॉल समोरच्यांकडे लांब धाडण्याच्या) वेळी कडेने सुसाट सुटणारा गनर होऊ शकतो का, यावर. याला स्पेशल टीम्स म्हणतात. सामन्याच्या दिवशी ५३ मधलेही सगळे उतरत नाहीत, साधारण ४८ जणांनाच गणवेश मिळतो. त्यामुळे एकाच कामाचा माणूस ठेवणं कुणालाच परवडत नाही.

टेरेल डेव्हिसचं उदाहरण मी सगळ्यांना देते. जॉर्जिया विद्यापीठाचा रनिंग बॅक, १९९५ च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत १९६ वा. डेन्व्हरच्या उतरंडीत तो पार तळाला होता. त्या वर्षी डेन्व्हरचा एक सराव सामना टोकियोत सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध होता. सोडून घरी जावं असं तेव्हा मनात घोळत होतं, हे त्याने नंतर स्वतःच सांगितलंय. सामन्यात त्याला किकऑफला पाठवलं. तो मैदानभर पळत गेला आणि बॉल घेऊन येणाऱ्याला असा काही धडकला की तो गडी जागच्या जागी मागे उलथला. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. त्या एका टॅकलनंतर त्याला बॉल मिळायला लागला. हंगाम सुरू झाला तेव्हा तो पहिल्या फळीत होता, १९९८ मध्ये त्याने २००८ यार्ड धाव काढली आणि २०१७ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. रनिंग बॅकची कारकीर्द सुरू झाली ती टॅकलवर.

७. पण प्रीसीझनमध्ये तीन-तीन टचडाउन करणारे असतातच की. त्यांचं काय?

कधी डाव साधतो, कधी नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा व्हिक्टर क्रूझ २०१० मध्ये ड्राफ्टविना न्यूयॉर्क जायंट्सकडे आला. नव्या स्टेडियममध्ये जेट्सविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने तीन टचडाउन पास झेलले आणि संघात जागा मिळवली. पुढच्याच वर्षी १५३६ यार्ड आणि विजेत्यांना मिळणारी सुपर बोलची अंगठी.

आता दुसरी बाजू. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जेट्सचा क्रिस स्ट्रेव्हलर शेवटच्या मिनिटांत सामने फिरवत होता आणि प्रेक्षक त्याच्या नावाचा गजर करत होते. त्याला काढलं. क्वार्टरबॅकच्या जागा आधीच भरलेल्या होत्या, त्यापुढे गजर चालत नाही. (नंतर त्याच संघात तो मागच्या दाराने परतला. ते दार कोणतं, हे प्रश्न ११ मध्ये.)

८. मैदानात एकाच नंबरचे दोघे दिसले. टीव्हीची चूक?

चूक नाही. ९० माणसं, त्यात काही नंबर जुन्या दिग्गजांच्या मानार्थ कायमचे बाजूला ठेवलेले, मग पुरणार कसे? म्हणून प्रीसीझनमध्ये एकच नंबर दोघांना देतात, सहसा एक आक्रमणात आणि एक बचावात. दोघांतल्या किमान एकाकडे तरी सप्टेंबरात तो नंबर नसणार हे जर्सी देतानाच कळतं.

९. काढल्याचं सांगतं कोण? ईमेल येतो का?

माणूस येतो. संघाच्या कार्यालयातला एखादा तरुण कर्मचारी सकाळी दारात उभा राहतो: कोचने बोलावलंय, प्लेबुक (डावपेचांची वही) घेऊन ये. प्लेबुक घेऊन ये म्हटलं की समजायचं. पूर्वी तो जाडजूड बाड असायचा, आता टॅब्लेट असतो, पण तो परत द्यावाच लागतो. या निरोप्याला लॉकर रूममध्ये 'टर्क' म्हणतात. छाटणीच्या दिवसांत तो कॅंटीनमध्ये आला तरी टेबलं गप्प होतात असं ऐकलंय, आणि त्यात अतिशयोक्ती असेल असं मला वाटत नाही.

१०. काढल्यावर मुलगा लगेच दुसऱ्या संघात जाऊ शकतो का?

नवा मुलगा नाही. चार हंगाम पूर्ण केलेला खेळाडू काढला की त्याच क्षणी मोकळा होतो. हंगाम मोजायला त्या वर्षी किमान सहा सामने यादीवर असावं लागतं. चारपेक्षा कमी हंगामवाल्याला आधी 'वेव्हर्स'मधून जावं लागतं. म्हणजे साधारण एक दिवस त्याचं नाव बाकीच्या ३१ संघांपुढे ठेवलं जातं. मागच्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला पहिला हक्क, मग त्याच क्रमाने वर. कुणी मागितलं तर त्याचा करार जसाच्या तसा तिकडे जातो आणि घेणाऱ्याला त्याला आपल्या ५३ मध्ये बसवावं लागतं. मुलाची पसंती कुणी विचारत नाही. मंगळवारी फ्लोरिडात, गुरुवारी सिएटलच्या विमानात.

कुणीच मागितलं नाही तर बुधवारी दुपारी तो मोकळा.

११. प्रॅक्टिस स्क्वॉड म्हणजे राखीव खेळाडू का?

रेल्वेच्या आरएसी तिकिटासारखं समजा. गाडीत चढता येतं, बर्थ मिळेलच असं नाही. प्रत्येक संघ असे १६ जण ठेवतो, त्यातले सहापर्यंत कितीही अनुभवी चालतात. ते सगळ्यांबरोबर सराव करतात, बैठकांना बसतात, पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून आपल्याच पहिल्या फळीला तयार करतात. दर सामन्याला दोघांना तात्पुरतं वर आणता येतं. मात्र एका खेळाडूला हंगामात तीनदाच, त्यानंतर हवा असेल तर ५३ मध्ये कायम जागा द्यावी लागते.

यातला गुंता असा, की प्रॅक्टिस स्क्वॉडवरचा माणूस दुसरा कुठलाही संघ थेट आपल्या ५३ मध्ये नेऊ शकतो, त्याने हो म्हटलं तर. म्हणूनच संघ आपला आवडता पोरगा प्रीसीझनमध्ये मुद्दाम झाकून ठेवतात. त्याला जास्त खेळवलं तर त्याचं चित्रण बाकी ३१ संघ बघणार आणि वेव्हर्सवर उचलणार. एखाद्याला तिसऱ्या सामन्यात उतरवलंच नाही, तर तो कोचच्या मनातून उतरला असं धरून चालू नका.

१२. मंगळवारी ५३ मध्ये नाव वाचलं, पेढे वाटले, बुधवारी काढलं. असं कसं?

ही तक्रार मला दरवर्षी एकदा तरी येते. मंगळवारची यादी कच्ची असते. बुधवारी संघ इतरांनी सोडलेले खेळाडू उचलतो (प्रश्न १०) आणि आलेल्या प्रत्येकासाठी कुणीतरी उठावं लागतं. उठतो तो यादीतला त्रेपन्नावा. पेढे पहिल्या रविवारनंतर वाटावेत.

१३. शिबिरात गुडघा गेला तर?

नव्या मुलासाठी सगळ्यात वाईट. संघ त्याला 'जायबंदी' असा शेरा मारून वेव्हर्सवर टाकतो. दुखापत झालेल्याला सहसा कुणी घेत नाही, मग तो स्वतःच्याच संघाच्या जखमींच्या यादीत येतो. तिथे पगार मिळतो, पण करारात बहुधा त्यासाठी कमी आकडा लिहिलेला असतो. दुसरा मार्ग तडजोडीचा: बरं व्हायला लागतील तेवढ्या आठवड्यांचे पैसे घ्यायचे आणि मोकळं व्हायचं.

छाटणीआधी जखमींच्या यादीत गेलेला खेळाडू त्या संघाकडून तो हंगाम खेळू शकत नाही. २०२४ पासून छाटणीच्या दिवशी दोघांना 'परत येणार' अशी खूण करून ठेवता येते. या दोन खुणा जवळजवळ नेहमी नावाजलेल्यांसाठीच खर्च होतात.

१४. तीस वर्षांच्या खेळाडूला मंगळवारी काढलं, बुधवारी परत घेतलं. हा काय प्रकार?

हातमिळवणी. तो चार हंगामांच्या वरचा, म्हणजे वेव्हर्सची भानगड नाही, दुसरा कुणी परस्पर उचलणार नाही. म्हणून संघ त्याला म्हणतो, एक रात्र बाहेर थांब. त्या रात्रीपुरती त्याची जागा अशा तरुणाला मिळते ज्याला सोडलं तर दुसरे झडप घालतील. बुधवारी कुणीतरी जखमींच्या यादीत जातो, जागा रिकामी होते आणि आजोबा परत. सगळं तोंडी चालतं, कागदावर काही नसतं. कायदेशीर आहे, आणि मला तर यात कुणाची फसवणूकही दिसत नाही.

१५. प्रीसीझनमध्ये पगार किती मिळतो?

करारातला पगार मिळतच नाही. तो हंगामाच्या १८ आठवड्यांवर मोजला जातो. शिबिरात राहणं, खाणं आणि ठरावीक भत्ता. पहिल्या वर्षाच्या खेळाडूला ५३ मध्ये किमान ८,४०,००० डॉलर, म्हणजे आठवड्याला सुमारे ४६,७०० डॉलर. प्रॅक्टिस स्क्वॉडवर नव्या मुलाला आठवड्याला १३,०००, तेही जितके आठवडे ठेवतील तितकेच. काढलं तर हातात फक्त साइनिंग बोनस.

कॉलेजच्या खेळाडूंना २०२१ पासून आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येतात. त्यामुळे विद्यापीठात मोटारीतून फिरणारा मुलगा ऑगस्टमध्ये हॉटेलची खोली दुसऱ्याबरोबर वाटून घेतो, असंही आता घडतं.

१६. कुठेच जमलं नाही तर? कॉलेजच्या संघात परत जाता येतं का?

नाही. ते दार ड्राफ्टला जातानाच बंद झालेलं असतं. कॅनडाची लीग आहे, पण ती जूनमध्येच सुरू होते, म्हणजे अर्ध्या प्रवासात गाडी पकडायची. वसंत ऋतूत यूएफएल आहे, दोन लहान लीग एकत्र करून २०२४ मध्ये उभी राहिलेली. डॅलसचा किकर ब्रँडन ऑब्री तिच्या आधीच्या अशाच एका लीगमधून आला. तो तर कॉलेजात सॉकर खेळायचा आणि मधे सॉफ्टवेअर इंजिनिअर होता, हे वाचून आपल्याकडच्या बऱ्याच जणांच्या आशा पालवतील. २०२३ मध्ये पहिले सलग ३५ फील्ड गोल (लाथेने बॉल खांबांमधून मारणं) त्याने चुकवले नाहीत.

आणि कर्ट वॉर्नर. १९९४ मध्ये तो आमच्या ग्रीन बेच्या शिबिरात होता. पुढे तीन क्वार्टरबॅक: फार्व, ब्रुनेल, डेटमर. चौथ्याला काढलं. मग तो आयोवातल्या सीडर फॉल्सच्या किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्या भरायचा, तासाला साडेपाच डॉलर. पुढे बंदिस्त मैदानातली अरीना लीग, मग युरोपातल्या लीगमधला ॲमस्टरडॅमचा संघ. १९९९ च्या प्रीसीझनमध्ये सेंट लुईसच्या ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला, वॉर्नरला उतरवलं आणि त्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, सुपर बोलही जिंकला.

१७. भारतीय वंशाचं कुणी यातून गेलंय का?

थोडे. ब्रँडन चिलरचे वडील भारतीय. यूसीएलएचा हा लाइनबॅकर २००४ मध्ये चौथ्या फेरीत सेंट लुईसकडे गेला, नंतर ग्रीन बेकडून खेळला. भारतात २०१२ च्या सुमारास एक लीग सुरू करायचा प्रयत्न झाला होता, त्यात पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे संघही होते. भाच्याला हे सांगितलं तर पटेना, जुने फोटो शोधून दाखवावे लागले.

१८. शिबिर बघायला यायचंय. काय बघू?

ग्रीन बेला या. इथे खेळाडू लॉकर रूममधून सरावाच्या मैदानापर्यंत गावातल्या लहान मुलांच्या सायकलींवरून जातात, ही जुनी रीत आहे. दीडशे किलोचा गडी गुलाबी सायकलवर, गुडघे कानाला लागलेले, आणि शेजारून त्याचं हेल्मेट छातीशी धरून पळणारी आठ वर्षांची सायकलमालकीण. नावाजलेल्यांभोवती मुलांची झुंबड असते. तुम्ही शेवटी येणाऱ्यांकडे बघा, ज्यांच्या जर्सीवरचा नंबर यादीत दोनदा छापलाय.

गेल्या वर्षी असाच एक जण बाहेर आला तेव्हा सायकली संपल्या होत्या. एका मुलाने आपली ट्रायसिकल पुढे केली. त्याने ती एका हाताने उचलली, दुसऱ्या हाताने मुलाला खांद्यावर घेतलं आणि चालत निघाला. मंगळवारी मी यादीत त्याचं नाव शोधलं. नव्हतं. बुधवारी दुपारी प्रॅक्टिस स्क्वॉडच्या सोळांत सापडलं, खालून दुसरं.